सिंहाच्या तोंडचं पाणी

लक्ष्मीकांतने नरसाळ्यातून पंपात पुन्हा पाणी भरलं, बूच आवळलं आणि बाळकृष्णाला खूण केली. बाळकृष्णाने स्टार्टरचा दांडा ओढला. मोटार गुरगुरली, पाइप थरथरला आणि भिंतीपलीकडे, पोहण्याच्या हौदाच्या काठावर बसवलेल्या दगडी सिंहाच्या तोंडातून धार पडल्याचा आवाज आला. दोघेही श्वास रोखून ऐकत राहिले. धार बारीक झाली, खाकरली आणि बंद पडली. पंप नुसताच खडखडू लागला.

"बंद कर, बंद कर," लक्ष्मीकांत ओरडला.

"करंट बराबर आहे भिया," वायरमन बाळकृष्ण दांडा वर करत म्हणाला. "तिन्ही फेज पाहिले. मोटर उलटी पण नाही फिरत. गडबड तुमच्या पाइपातच आहे."

पाइप लक्ष्मीकांतने स्वतः बसवले होते. प्रत्येक आट्यावर ताग गुंडाळून, सफेदा लावून, हाताला फोड येईपर्यंत आवळले होते. काल संध्याकाळी हाच पंप तासभर न थांबता चालला होता. हौदाच्या तळचं पाणी ओढून सिंहाच्या तोंडातून परत हौदात सोडायचं, एवढंच त्याचं काम. काल जमलेलं आज का जमत नव्हतं, हे त्याला कळेना. कुठेतरी हवा शिरतेय असं धरून त्याने ओढीच्या पाइपाचा जोड पुन्हा उघडला. नवा ताग गुंडाळायला घेतला.

बाहेर इंदूरच्या तुकोगंजातली बडी मंडळी जमू लागली होती. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या, सरबताचे पेले फिरत होते. बंगल्याच्या मालकांनी, अप्पासाहेबांनी, दहा लोकांना सांगून ठेवलं होतं की पाच वाजता सिंह पाणी सोडेल.

होळकरी असताना लक्ष्मीकांत वॉटर वर्क्समध्ये ओव्हरसियर होता. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य झालं, आणि त्याची जागा सरळ ग्वाल्हेरला गेली. सोमवारी तिथे हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. आणि बायकोला, शालिनीला, सातवा महिना लागला होता. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी प्रवासाचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलं होतं. तिला मागे ठेवून जावं, तर इंदुरात तिचं दुसरं कुणी नव्हतं. अप्पासाहेबांनी शब्द दिला होता की हौदाचं काम चोख झालं तर त्यांच्या जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर त्याला ठेवून घेतील. म्हणजे सगळं आता त्या दगडी सिंहावर येऊन ठेपलं होतं.

पंपाच्या खोलीच्या दारात अप्पासाहेब येऊन उभे राहिले. होळकरांच्या फौजेत होते. फौज गेली, पण आवाज तेवढा राहिला.

"ओव्हरसियर, हा काय तमाशा आहे? काल तर चालला होता ना?"

"चालला होता साहेब. आत्ता चालू करतो."

"लोग बैठे हैं बाहर. दहा मिनिटं देतो."

जोड आवळला, पाणी भरलं, दांडा ओढला. धार आली आणि पुन्हा आटली. लक्ष्मीकांतला रडू कोसळेल असं वाटलं. तो भिंतीला टेकला. मग एकाएकी त्याच्या डोक्यात आलं की हवा शिरतच नसेल. पाणीच अडत असेल. ओढीच्या पाइपाचं तोंड हौदाच्या तळाशी होतं, त्यावर जाळी होती. तो बाहेर धावला आणि पाहुण्यांच्या देखत, अंगातल्या सदरा-विजारीसकट त्याने हौदात उडी घेतली. खुर्च्यांवरून हसण्याचा एक फवारा आला.

महेश्वरच्या घाटावर तो पोहायला शिकला होता. बुडी मारून तो तळाशी गेला, चाचपडला, आणि जाळीवर घट्ट बसलेलं काहीतरी मऊ त्याच्या हाताला लागलं. पंप चालू झाला की ते जाळीला चिकटत होतं आणि बंद झाला की सैल पडत होतं. त्याने ते ओढून काढलं. हिरवा खण होता, लाल काठाचा. घडीत तांदळाचे दाणे अडकले होते.

 दुपारी शालिनी डबा घेऊन आली होती. जेवून तो कामाला लागला तरी ती बराच वेळ हौदाकडे रेंगाळत होती. नव्या पाण्याची ओटी भरून गेली ही! आपल्याच नोकरीसाठी देवाला साकडं घातलं आणि ते नेमकं जाळीत जाऊन बसलं. त्याला तिचा संताप आला. मग पाण्याखालीच तिची इतकी दया आली की वर यावंसं वाटेना.

खण विजारीच्या खिशात कोंबून तो वर आला. "चालू कर!"

सिंहाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडली आणि पडतच राहिली. टाळ्या झाल्या. अप्पासाहेब काठाशी आले.

"काय अडकलं होतं?"

दुपारी इथे आलेली बाहेरची बाई एकच होती. खण दाखवला तर सगळे शालिनीच्या नावाने हसतील, आणि अप्पासाहेब चारचौघांत काय बोलतील याचा नेम नव्हता.

"काही नाही साहेब. जाळी मीच नीट बसवली नव्हती."

"म्हणजे गलती तुमची."

"माझीच."

"मग इंजिनावर कसं चालायचं? तिथे माणसं मरतात." अप्पासाहेबांनी आवाज खाली आणला, तो त्यांच्या परीने चांगुलपणाच होता. "तुम्ही ग्वालियरलाच जा."

बायकांच्या घोळक्यातून अप्पासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई त्याच्याकडे एकटक पाहत होत्या. त्यांनी गड्याच्या हाती त्याला अंग पुसायला पंचा पाठवला.

घरी, परदेशीपुऱ्यातल्या आपल्या खोलीत शिरताच त्याने खण शालिनीपुढे टाकला. रागावायचं नाही असं वाटभर ठरवलं होतं, तरी आवाज चढलाच.

"जाळीत होता. नोकरी गेली."

शालिनीने खण उचलला, उलगडला, काठावरून बोट फिरवलं. "हा माझा नाही."

"शालू, मी तुला काही म्हटलंय का?"

"अहो, हा रेशमाचा आहे. इतकंही कळत नाही?" तिने ट्रंक उघडून आपला खण काढला. सुती होता आणि कोरडा होता. "मी नेला होता, खोटं कशाला बोलू? पण बाईसाहेब म्हणाल्या, पहिली ओटी घरच्या बाईची. त्यांनीच भरली. नारळ तरंगत राहिला तो माळ्याकडून काढवला, खण खाली गेला. मला म्हणाल्या, साहेबांना असलं खपत नाही, कुठे बोलू नकोस."

"त्या तिथेच होत्या," लक्ष्मीकांत सावकाश म्हणाला. "मी माझी चूक म्हणालो तेव्हा."

 शालिनीने खण पिळला, झटकला, नीट घडी करून ताटात ठेवला. शेजारी कुंकवाची कोयरी ठेवली आणि ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढलं.

"हे काय?"

"पाण्याला वाहिलेलं आपल्या घरात कसं ठेवायचं? ज्यांचं त्यांना पोचवून येते."

"अगं, या अवस्थेत? आणि तिथे बोलणार काय?"

"मी कशाला बोलू? कुंकू लावीन, खण त्यांच्या हातात देईन आणि उभी राहीन. काय बोलायचं ते त्या बोलतील."

"साहेब अजून पाहुण्यांत बसले असतील."

"म्हणून तर आत्ताच जायचंय," शालिनी म्हणाली. "टांगा बोलवा."