नागाबाईच्या चौदा हजार प्लेटलेट

मी रक्त मोजणारी मशीन बोलतेय. लातूरच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, 'सत्यशीला लॅब'मध्ये मी सहा वर्षं काढली. खरं तर मला बोलता येत नाही. मी फक्त आकडे छापते. पण आकडे छापणाऱ्याला आपल्याकडे बोलणाऱ्यापेक्षा जास्त मान आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला. माझ्या पोटात केसाहून बारीक भोक आहे. रक्तातल्या पेशी त्यातून एकेक करून जातात आणि आकार पाहून मी त्यांची मोजदाद करते. सगळ्यात बारीक ती प्लेटलेट, वाहतं रक्त थांबवणारी. मला येतं ते एवढंच. पण लॅबचे मालक शिवमूर्ती सर यांनी मला टेंपोतून उतरवलं, माझ्यापुढे नारळ फोडला आणि बाहेर बोर्ड लावला, 'संपूर्ण संगणकीकृत. चूक होणे नाही.' लोकांबरोबर मीही त्या बोर्डावर विश्वास ठेवला.

मी आल्यापासून कोपऱ्यातल्या मायक्रोस्कोपला काम उरलं नाही. सर त्याच्यावर हेल्मेट ठेवू लागले.

माझ्याजवळ बसायची सुकन्या. कंधारची मुलगी, लॅबचा डिप्लोमा झालेली. सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायची. क्लासच्या मास्तरांनी सांगितलं होतं, "समजून घेत बसू नका, पर्याय लक्षात ठेवा." म्हणून मी नळ्या धूत असले की ती गाईड उघडून पुटपुटायची, "जांभळ्या टोपणाच्या नळीत काय असतं? रक्त गोठू न देणारं औषध, ईडीटीए, पर्याय क. त्यानं काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, पर्याय ब." फॉर्म भरायला तिला सरांच्या सहीचं अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं. सर म्हणायचे, "देऊ की, घाई काय हाय?"

एका सकाळी रेणापूरकडच्या नागाबाई आल्या. साठीच्या, ठणठणीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. सोबत मुलगा शेषेराव. जिने चढून आल्या, रक्त दिलं आणि चहा मिळतो का विचारलं.

मी मोजलं. प्लेटलेट, चौदा हजार.

सरांनी चष्मा काढला. "कमीत कमी दीड लाख पाहिजेत. पेशंट चालत आला कसा, हेच नवल!"

त्या क्षणापासून नागाबाईंचं चालणं बंद झालं. त्यांना बाकावर आडवं केलं. शेषेरावांनी माझ्या चिठ्ठीचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. एक म्हणाला नांदेडला न्या, दुसरा म्हणाला थेट हैदराबाद. तिसऱ्यानं घाईत 'भावपूर्ण' एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. शेषेरावांनी ते नेमकं पाहिलं आणि त्यांना रडूच फुटलं.

"आरं, मला झालंय तरी काय?" नागाबाई म्हणाल्या. "सकाळी दोन भाकरी खाऊन आलेय म्या."

"माय, तू बोलू नको. ताकद जाती."

सुकन्या मात्र नागाबाईंच्या दंडाकडे बघत होती. सुई टोचली तिथला कापूस केव्हाच कोरडा झाला होता. डाग नाही, सूज नाही.

"सर, चौदा हजारवाल्याचं रक्त इतक्यात थांबत न्हाई. एकदा स्लाइड बघू का?"

"मशीनपेक्षा तुला जास्त कळतं?" सर म्हणाले. "आणि प्रमाणपत्र माझ्याकडूनच न्यायचंय ना?"

ती परत खुर्चीत बसली. तोवर शेषेरावांच्या मेव्हण्याची गाडी आली. दोघांनी नागाबाईंना उचलून खाली नेलं. हॉर्न वाजला आणि सुकन्या उठली. तिनं मायक्रोस्कोपवरचं हेल्मेट काढून सरांच्या टेबलावर ठेवलं, काचेवर नागाबाईंच्या नळीतल्या रक्ताचा थेंब ओढला, वाळवला, रंगवला. रंग चढायची ती दहा मिनिटं तिनं खिडकीतून वाकून ड्रायव्हरला थांबा, थांबा म्हणण्यात घालवली. मग मायक्रोस्कोपला डोळा लावला. काचेच्या कडेला प्लेटलेटचे झुबकेच्या झुबके चिकटून बसले होते.

"पर्याय ब!" ती ओरडली.

कुणालाच काही कळलं नाही. ती जिन्यावरून धावत खाली गेली. तिच्या हातात निळ्या टोपणाची नळी होती, दुसऱ्या औषधाची.

"आधीच कमी हाय, आनखी रक्त काढता?" शेषेराव चिडले.

"काढ गं लेकी," नागाबाईंनी हात पुढं केला. "गाडीत बसून कंबर धरली माझी."

ते रक्त माझ्याकडे आलं. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. निळ्या नळीतल्या औषधानं रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो, म्हणून सुकन्यानं कागदावर त्यात दहावा हिस्सा मिळवला आणि दोन लाख सतरा हजार आठशे या आकड्यावर बोट ठेवलं. जी बाई हैदराबादला निघाली होती, ती गाडीतून उतरली आणि राहिलेला चहा मागू लागली.

मला फार लाज वाटली. चिकटलेला झुबका म्हणजे एक मोठी पेशी, प्लेटलेट नव्हे, असं समजून मी मोजत गेले होते. पण एक गोष्ट सांगते. त्या पहिल्या आकड्याशेजारी मी एक तारा छापला होता. तारा म्हणजे, मला नीट उमगलं नाही, माणसानं बघावं. सरांच्या लेटरहेडवर ताऱ्यासाठी रकानाच नव्हता.

सर खाली आले आणि शेषेरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणून तर आमच्याकडं डबल चेकिंग असतं." शेषेरावांनी सरांचे पाय धरले. सुकन्या वर येऊन नळ्या धूत बसली. प्रमाणपत्र तिला फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मिळालं. परीक्षेत झुबक्यांवर एकही प्रश्न नव्हता. माझा शोध कोणत्या साली लागला, हे मात्र विचारलं होतं. तरी ती पास झाली आणि सरकारी दवाखान्यात रुजू झाली. जायच्या दिवशी तिनं मायक्रोस्कोप पुसला. जाता जाता माझ्याही अंगावरून फडकं फिरवलं. पंधरा दिवसांत हेल्मेट परत आपल्या जागी गेलं.

आता सरांनी माझ्याहून मोठी मशीन आणलीय. मला हिमायतनगरच्या सिद्रामप्पांनी त्यांच्या नव्या लॅबसाठी घेतलं. काल मला इथल्या टेबलावर मांडलं. सर स्वतः पोचवायला आले होते. खोलीत मायक्रोस्कोप कुठं दिसला नाही.

सिद्रामप्पांनी मला निरखून बघितलं. "सर, ही कधी चुकती का हो?"

"न्हाई. सहा वर्षांत एकदा न्हाई," सर म्हणाले.

मला ओरडून सांगायचं होतं, अप्पा, चुकते मी! नारळ फोडू नका, आधी एक सुकन्या शोधा. पण माझ्या गळ्यात शब्द नाहीत. होतं नव्हतं ते बळ लावून मी नुसतं 'टीं' केलं.

"बघा," सिद्रामप्पा खूश होऊन म्हणाले, "तुमच्या म्हणण्याला हाव म्हणती!"