उष्टावलेले आजोबा

पांग सरांच्या वर्गात इंग्रजी शिकायला कोणी येत नसे. मुले येत ती परीक्षेत गुण मिळवायला, आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असावा असे ज्याला वाटे, तो सरांच्या मते अजून कोवळा होता. शेनयांग शहरातल्या एका जुन्या इमारतीत, दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरे. तोंडी परीक्षेचे प्रश्न हंगामागणिक बदलत. जे परीक्षा देऊन येत ते आपल्याला काय विचारले आणि आपण काय बोललो हे लगोलग वर्गाला कळवत, आणि सर त्या प्रश्नांना पुरतील अशा मोजक्या गोष्टी रचून सर्वांकडून घोकून घेत. गोष्ट जितक्या अधिक प्रश्नांवर ताणता येईल तितकी ती थोर. "एक म्हातारा नीट घडवा," सर म्हणत. "तोच तुमचा आवडता माणूस, तोच तुमचा गुरू, त्यानेच दिलेली भेट, त्याचंच घर. उगाच माणसं कशाला पोसायची?"

लुआन यीनिंगला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने हाडे आणि स्नायूंच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश दिला होता, पण अट अशी की तोंडी परीक्षेत नऊपैकी सात गुण हवेत. वाचन, लेखन, श्रवण या तिन्हींतून ती सहज तरून गेली होती. बोलताना मात्र ती अडे, कारण नेमका शब्द सापडेपर्यंत पुढे जाणे तिच्या स्वभावात नव्हते. सरांनी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसावर लिहून आणायला सांगितले, तेव्हा भाषा तपासून मिळेल एवढ्याच समजुतीने तिने आपल्या आईच्या वडिलांविषयी जे खरे ते लिहिले.

तिचे आजोबा सार्वजनिक स्नानगृहात लोकांची अंगे घासत. कारखाना बंद पडल्यावर मिळाले ते काम त्यांनी धरले आणि हात चालेनासे होईपर्यंत सोडले नाही. खरखरीत हातमोजा चढवून ते गिऱ्हाइकाची पाठ घासत, मळाच्या वळ्या निघत, त्या ते बादलीभर पाण्याने वाहून टाकत, आणि एक बाजू झाली की ओल्या तळहाताने दोन थापा मारत. दोन थापा म्हणजे कूस बदला. लहानगी यीनिंग बाहेरच्या दालनात गोठवून काळी पडलेली नाशपाती चोखत बसे आणि पडद्याआडून त्या थापा ऐके. शेजारणी नाके मुरडत. तिच्या आईनेही लग्नाच्या बोलणीत वडील "पाणीपुरवठ्यात" आहेत असे सांगितले होते. यीनिंगला त्या कामाची किळस कधी वाटली नाही. जिथून मळ निघून जातो तिथे किळस कशाची? ती वाटावी तर मळ साचतो तिथे. शेवटच्या आजारात वाचा गेल्यावर आजोबांनी तिच्या मनगटावर दोन थापा मारल्या. तिने त्यांची कूस बदलून दिली, आणि थोड्या वेळाने ते गेले. हेही तिने लिहिले होते.

सरांना लेख आवडला, पण न्हाणीघर खटकले. परीक्षक बिचारा चहा पिऊन बसलेला असतो, त्याला मळ कशाला दाखवायचा, असे ते म्हणाले. त्यापेक्षा पतंग बरे. पतंग म्हणजे संस्कृती. आजोबा पतंग बनवणारे झाले. त्यांच्या हातात बांबूच्या कामट्या आल्या, आणि मरताना त्यांनी नातीच्या मनगटाला, जणू आभाळातल्या पतंगाच्या दोराला द्यावेत तसे, दोन हलके झटके दिले. हे मरण मात्र फार भारी आहे, असा सरांनी शेरा मारला. यीनिंगने विरोध केला नाही. गुण हवे होते. आणि आपल्यापुरते बोललेले खोटे हे नाक दाबून घेतलेल्या औषधासारखे असते, अशी तिने मनाची समजूत घातली.

ती समजूत जिन्यात मोडली. वर्ग सुरू होण्यापूर्वी मुले जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहत आणि पाठ केलेले मोठ्याने म्हणत. भिंतीला सांगताना लाज वाटत नाही, ही तिथली जुनी रीत. त्या सकाळी एक लठ्ठ, अनोळखी मुलगा लसणीची पात भरलेला वाफवलेला पाव खाता खाता भिंतीशी बोलत होता. माझे आजोबा पतंग बनवत, तो म्हणाला, आणि त्याने घास चावला. मरताना त्यांनी माझ्या मनगटाला दोन झटके दिले, असे तो म्हणतो न म्हणतो तोच त्याच्या तोंडातली हिरवी पात भिंतीवर उडाली. ती त्याने बोटाने पुसली, बोट चाटले, आणि मरण पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. खालच्या पायरीवर एक मुलगी तेच मरण खोकत होती. वरच्या वळणावर यीनिंगच्या खोलीत राहणारी दोंग च्याओ तेच घाईघाईने उरकत होती. सबंध जिना आजोबांना चघळत होता.

"अगं, तुझे आजोबा फारच कामाचे निघाले," च्याओ म्हणाली. "आमचे तर दिवसभर सोंगट्या खेळतात आणि हरल्यावर आजीवर डाफरतात. तोंड का असं केलंस? वाटून खाल्ल्याने झिजणार आहेत का ते?"

यीनिंगला राग आला असता तर बरे झाले असते, कारण राग बाहेर पडून मोकळा होतो. तिला आली ती शिसारी, आणि शिसारी आत उतरते. या पंक्तीतला पहिला घास तिचाच होता; आजोबा इतरांनी उष्टे केले हे खरे, पण पान तिने मांडले होते.

ती सरांकडे गेली आणि ही गोष्ट वर्गातून काढून टाका म्हणून तिने विनंती केली. सर फळा पुसत होते. त्यांनी तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

"तुझा आजोबा कुठे आहे त्यात?" ते म्हणाले. "तुझा न्हाणीघरात होता. हा पतंगवाला माझा."

युक्तिवाद बिनतोड होता, आणि म्हणूनच अधिक ओंगळ होता.

"मग त्या दोन थापा तेवढ्या परत द्या," ती म्हणाली.

"सात गुण त्यांचेच तर आहेत, पोरी."

परीक्षेच्या खोलीत सर्दीने नाक लाल झालेल्या एक गोऱ्या बाई बसल्या होत्या. ज्याच्याकडून काही शिकलात अशा वडीलधाऱ्या माणसाविषयी बोला, असे त्यांनी सांगितले. यीनिंगने 'माझे आजोबा' एवढे म्हणताच बाईंच्या चेहऱ्यावर ऐकून ऐकून विटलेल्या माणसाची सभ्यता पसरली. सकाळपासून किती आजोबांनी त्यांच्यासमोर पतंग उडवले असतील, कोण जाणे. यीनिंगच्या जिभेवर पतंगवाला तयार उभा होता. त्याच्या अंगाला लसणीच्या पातीचा वास येत होता. तो शब्द तिच्याने गिळवेना आणि थुंकवेना. तिने तो बाजूला सारला आणि माझे आजोबा लोकांच्या पाठी घासत, असे म्हटले.

पुढचे सगळे अडखळत गेले. मळाच्या वळ्यांना शब्द नव्हता, हातमोज्याच्या खरखरीतपणाला शब्द नव्हता. ती थांबे, शोधे, टाकून देई, पुन्हा शोधे. बाईंनी मान वर करून, मग ते काय करत, असे विचारले. यीनिंगने तळहाताने टेबलावर दोन थापा मारल्या. कूस बदला, असा त्याचा अर्थ, ती म्हणाली, आणि वेळ संपली. बाईंनी तिचे आभार मानले, जसे त्या सर्वांचे मानत असाव्यात.

तिला साडेसहा मिळाले. च्याओला, पतंगासकट, सात.

रीतीप्रमाणे सरांनी तिला बोलावून परीक्षेत काय सांगितलेस ते विचारले. पतंगवाल्याला कधी साडेसहा पडत नाहीत. तू दुसरेच काही बोललीस, तेव्हा जे बोललीस ते सांग, असा त्यांचा आग्रह होता. आवाजात राग नव्हता, कुतूहल होते. "न्हाणीघर सांगितलंस की काय?" ते म्हणाले. "तसं बघायला गेलं तर वाईट नाही. सध्या कोणाकडे नाही ते. लिहून दे, मी जरा नीटनेटकं करतो."

त्यांच्या ओठांच्या कडांना वाळलेला फेस होता. तिने खाली जमिनीकडे पाहिले.

"दुसरं काही बोललेच नाही, सर," ती म्हणाली. "घाबरून मध्येच अडले."

मग सरांनी तिला यथेच्छ झापले. असा बुजरा जीव परदेशात जाऊन काय दिवे लावणार, असे च्याओच्या देखत विचारले, आणि ती ते सगळे मान खाली घालून ऐकत राहिली. परीक्षा तिला पुन्हा द्यायचीच होती. त्या प्रवेशाची मुदत अजून टळली नव्हती.

"मला दुसरं कोणीतरी द्या," सर दमल्यावर ती म्हणाली. "माझं नसलेलं."

सरांनी खणातून दालियानची एक शिंपीणमावशी काढून दिली. ही मावशी जगात कधी जन्मली नव्हती. तिने कोणाच्या मनगटाला हात लावला नव्हता, आणि तिला कोणीही कितीही चावले तरी तिचे काही जाणार नव्हते. यीनिंग कागद घेऊन जिन्यात आली. त्या लठ्ठ मुलाच्या शेजारी थोडी जागा होती. भिंतीवर तोंडाच्या उंचीला चिकट डागांचा पट्टा उमटलेला होता. तरी तिने तोंड भिंतीकडे केले, आणि माझी मावशी फार प्रेमळ होती, असे मोठ्याने, स्पष्ट, मुळीच न अडखळता म्हणायला सुरुवात केली.