डावे आटे

सयाजी मिस्त्रीचं डोकं सोन्याचं होतं, पण त्याला कुलूप लावायची खोड होती. उद्यमनगरात आम्हा दोघांचा उसाचे चरक करायचा कारखाना होता. डोकं त्याचं, लेथवर हात माझा. १९५१ साली पलीकडच्या गल्लीतल्या एकानं आमचा चरक विकत घेतला, खोलून पाहिला आणि दोन महिन्यांत तस्साच बाजारात आणला. सयाजी दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जोतीराम, दाबाच्या नटाला डावं आटं पाड."

चरकाच्या ऊस पिळणाऱ्या लोखंडी लाटा एकमेकींवर दाबून धरतो तो हा नट. साऱ्या जगाचे नट ज्या बाजूला फिरवून सुटतात, त्याच बाजूला आमचा आवळायचा.

"खोलाय गेला की घट्ट हुतंय. बसू दे बोंबलत!" तो हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

पुढं कारखानदारांच्या बैठकीत ठरलं, की सगळ्यांनी एकाच मापाचे, एकाच बाजूचे आटे पाडायचे; म्हणजे शेतकऱ्याचं कुठंही अडायला नको. मी म्हटलं, सही करू या. सयाजी उसळला.

"मी डोस्कं झिजवायचं आन् ह्येंनी आयतं वरपायचं व्हय?"

तेही खरंच होतं. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला दार उघडं ठेव म्हणायला माझी जीभ रेटेना. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

सयाजीची बहीण चिमणाबाई जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला दिलेली. मेहुण्यानं, केरबानं, गुऱ्हाळ घालायचं ठरवलं तेव्हा सयाजीनं आमचा सगळ्यात चांगला चरक स्वतः नेऊन बसवला.

परत आल्यावर मी विचारलं, "डाव्या आट्याचं सांगिटलंस न्हवं?"

"घरच्यास्नी काय सांगायचं? बिघडला तर मीच जाणार की."

पौषात ऊस घालताना केरबाचा हात लाटांत गेला, पार खांद्यापर्यंत. गड्यांनी इंजिनाचा पट्टा उतरवून चरक थांबवला आणि पाना घेऊन नटाला भिडले. नट सुटेना, म्हणून आणखी माणसं पान्याला लटकली. निरोप मिळून आम्ही पोचलो तेव्हा केरबा थंड झाला होता. सयाजीनं पाना उलटा घातला, दोन हिसके दिले. नट सुटला. ते आटे माझ्या हातचे होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर चिमणाबाई भावासमोर येऊन बसली. रडत नव्हती.

"दादा, नट कुठल्या अंगाला फिरवायचा हुता?"

सयाजीनं खाली मान घालून हवेत हात फिरवून दाखवला. तिनं आपला हात तसाच फिरवून पाहिला. मग उलटा फिरवला.

"पान्याला मी बी लटकलोतो," ती म्हणाली. "म्हंजे आमीच त्यास्नी आवळत हुतो व्हय?"