खोक्यातला महादेव

ज्या साली दोन श्रावण आले आणि दुसऱ्या श्रावणात आमच्या रुद्राणीला पहिली मुलगी झाली, ते साल २०२३. रुद्राणी आमची एकुलती एक लेक, लग्नानंतर फार वर्षांनी झालेली. बाळंतपणाला ती घाटनांदूरच्या सासरहून आमच्याकडे धर्मापुरीला आली होती. पोर झाल्याचं कळलं तशी शेजारची छबुबाई दारात येऊन म्हणाली, "आता जिलेबी करा आप्पा. पोरगी हाय."

आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात आणि मुलगी झाली की जिलेबी. पण माझ्या मालकांचं, रेवणसिद्धांचं, देवळाच्या वाटेवर पेढ्याचं दुकान. ते म्हणाले, "रुद्राणी झाली तवा बी मी पेढेच वाटले. नातीला जिलेबी कावून? आन् माझ्या हाताला जिलेबी सरळ येत न्हाई."

"जिलेबी वाकडीच असती आप्पा. तुमाला जमंल," छबुबाई म्हणाली.

तरी पेढेच ठरले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. करोनात आम्ही दोघं एकदमच आजारी पडलो होतो. मी बरी झाले ती पहिल्यासारखी झाले. ते बरे झाले, पण त्यांच्या नाकाचा वास गेला तो परत आला नाही. उदबत्ती, फोडणी, गोठा, काहीच कळेना. पेढ्याच्या धंद्यात डोळ्यापेक्षा नाकाला मान. खवा भाजताना एक वेळ अशी येते की दुधाचा वास सरतो आणि खरपूस वास उठतो. त्या वेळी कढई उतरवायची. जरा उशीर झाला की पेढा कडवट होतो. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. मला तेवढं म्हणाले, "लोकांना कळलं तर इथून पुढं माझा पेढा कोण तोंडात घालंल?"

तेव्हापासून मी भट्टीजवळ शेंगा फोडत नाहीतर तांदूळ निवडत बसायची. वास उठला की हात झटकून बांगड्या वाजवायची. ते कढई उतरवायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई आपलं काम करतेय. रुद्राणीलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

नात झाली त्याच पावसाळ्यात त्यांनी परळीच्या बसस्टँडवर आमच्याच दुकानाचा खोका चिखलात पडलेला पाहिला. खोक्यावर महादेवाचं निळं चित्र आणि त्या चित्रावर चपलेचा ठसा. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले आणि सांगून आले, की यापुढं खोका उलटा चिकटवायचा. चित्र आत, कोरी बाजू बाहेर.

"पेढे सरले की तळाला देव दिसंल," ते मला म्हणाले. "मग कोण फेकील खोका?"

मलाही ते पटलं. नवे खोके बारशाच्या आदल्या दिवशी आले. छपाई ताजी, चकचकीत. त्याच दिवशी पेढे झाले. वास उठला, मी बांगड्या वाजवल्या, त्यांनी कढई उतरवली. पाहुण्यांच्या गर्दीत पेढे थंड व्हायला वेळ मिळाला नाही, तसेच कोमट खोक्यांत भरले. उरलेले स्टीलच्या डब्यात घालून मी देवघरात ठेवले. बारसं थाटात झालं. मुलीचं नाव आरोही ठेवलं. खोक्यांची चळत घेऊन व्याही मंडळी घाटनांदूरला वाटायला गेली.

चार-पाच दिवसांनी रुद्राणीची सासू, आमच्या विहीणबाई मनकर्णा, नातीला बघायला म्हणून आल्या. चहा झाला तरी पिशवी मांडीवरच धरून बसल्या. मग त्यातून एक खोका काढला.

"ईनबाई, राग मानू नका. दुसऱ्या कुणी सांगण्यापरीस मीच सांगते. पेढ्याला वास मारतोय. रॉकेलवानी. बुडाला निळं बी लागलंय."

"निळं?"

"तर काय. आमच्या जाऊबाईनं हात जोडले. म्हणली, महादेवानं रंग दावला. तिच्या नवऱ्यानं तोंडात घातला आन् अंगणात जाऊन थुंकला." त्यांनी खोका माझ्याकडं सरकवला. "आन् भावकीतली एक म्हातारी म्हणली, पोरीला पेढे वाटायला निघाले, देवाला रुचलं न्हाई. मी बी म्हणलं तिला, तुझ्या पोरांच्या पेढ्यानं काय उजेड पडला त्यो रोजच बघतोय की आमी."

मालक दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खोक्यातला एक पेढा उचलून त्यांनी नाकापाशी नेला, सवयीनं. मग तो माझ्यापुढं धरला.

"बसम्मा, तू सांग."

नुकत्या रंगवलेल्या दारापाशी उभं राहावं तसा वास होता. त्यात खळीचाही. खोटं कसं सांगू?

"हाय वास," मी म्हणाले.

त्यांनी पेढा खोक्यात ठेवला. मनकर्णाबाई बाळापाशी आत गेल्या, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशीच बिघडला असंल. तू माझं मन राखायला बांगड्या वाजवल्यास."

"अवो, मी कधी खोट्या बांगड्या वाजवल्या न्हाईत."

त्यांनी भट्टी विझवली, कढई घासून स्वच्छ केली आणि भिंतीला पालथी लावून ठेवली. दुसरा दिवस श्रावणी सोमवारचा. देवळाकडं माणसांची रीघ लागलेली, आणि आमचं दुकान बंद. कुणी विचारलं तर म्हणत, "आता होत न्हाई माझ्यानं. नातीच्या नावाला बट्टा लावला, पुरे झालं."

धंदा बसल्याचं मला एवढं वाटत नव्हतं. खायला होतं घरात. पण ज्या माणसानं माझ्या नाकाच्या भरवशावर आपला हात चालवला, त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. ते मला काही टाकून बोलले नाहीत. जेवताना नुसतं ताटाकडं बघत जेवले.

दुपारी मी रुद्राणीच्या खोलीत जाऊन बसले. मुक्कामाला राहिलेल्या मनकर्णाबाईही तिथंच होत्या. रुद्राणी डोक्याला रुमाल बांधून बाळाला पाजत होती. परभणीला ती खाण्याच्या पदार्थांचंच शिकलेली. तिला मी पेढ्याचं सांगितलं, नाकाचं आणि बांगड्यांचं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

ती म्हणाली, "आई, देवघरातल्या डब्यात त्याच दिवशीचे पेढे आहेत ना? आण."

डब्यातल्या पेढ्याला खव्याचा आणि वेलदोड्याचा वास होता, दुसरा कसलाच नाही. मग तिनं खोक्यातला पेढा हुंगला. मग मला एक रिकामा, न वापरलेला खोका आणायला लावला. तो उघडून त्यात नाक घातलं आणि लगेच मान मागं घेतली.

"पेढा चांगलाय गं. खोकाच वास मारतोय. आप्पांना बोलाव."

ते आले आणि उंबऱ्याशीच बसले. तिनं खोका उघडा करून त्यांच्यापुढं ठेवला.

"आप्पा, शाई हाताला वाळलेली लागली तरी तिच्यात तेल राहतं. चिकटवायच्या खळीतही काहीबाही असतं. पेढ्यात तूप. कोमट पेढा वर ठेवला की ते सगळं हळूहळू तुपात उतरतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं. छापलेली बाजू खायच्या वस्तूला लागूच द्यायची नसते."

"बाहेर छापलं तर चालतंय?"

"तरी पुठ्ठ्यातून झिरपू शकतं. मध्ये चांगला कागद लागतो, खाण्यासाठीचा. आणि दर वेळेला वास येतोच असं नाही. या वेळी आला, हे आपलं नशीब." तिनं खोका फिरवून पाहिला. "पण चित्र आत घ्यायला सांगितलं कोणत्या शहाण्यानं?"

मी मनकर्णाबाईंकडं पाहिलं. त्यांनी बाळाच्या दुपट्याकडं पाहिलं.

"त्या शहाण्यानं तुझ्या बारशाला बी पेढे केलते," मालक म्हणाले.

रुद्राणीनं जीभ चावली. पण ते हसायला लागले होते. खांदे हलत होते. "पायाखाली येऊ नये म्हणून देवाला आत घेतला. त्यो गेला लोकांच्या पोटात." मग हसू थांबलं आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे खवा बरोबर उतरला होता?"

"डब्यातला खाऊन बघा की."

त्यांनी पेढा तोंडात घातला. वास गेल्यापासून त्यांना गोड तेवढं कळायचं. तरी बराच वेळ चघळत राहिले. रुद्राणीकडं नाही, माझ्या हातांकडं बघत होते.

"बांगड्या खऱ्या होत्या," ते म्हणाले.

"कसल्या बांगड्या?" रुद्राणीनं विचारलं.

मग त्यांनीच सगळं सांगितलं, विहीणबाईंच्या देखत. बाळाला उचलून रुद्राणीनं त्यांच्या मांडीवर ठेवलं. मनकर्णाबाई तेवढ्या म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्यांची नाकं शाबूत हायत, पण कुणी कुणासाठी एवढं हुंगत न्हाई."

दुसऱ्या दिवशी कढई सरळ झाली. पेढे पुरते थंड होऊ दिले, स्टीलच्या डब्यांत भरले आणि मालक स्वतः विहीणबाईंबरोबर घाटनांदूरला गेले. ज्या ज्या घरी खोका गेला होता त्या त्या घरी जाऊन जुना खोका मागून घेतला, नवे पेढे दिले. प्रत्येक दारात एकच बोलले, "चूक माझ्या खोक्याची. पोरीची न्हाई." भावकीतल्या त्या म्हातारीकडंही गेले. तिनं एक पेढा घेतला, खाल्ला आणि दुसरा मागितला.

नवा खोका रुद्राणीनं ठरवला. पांढरा, वर काही न छापलेला, आत खाण्यासाठीचा कागद, वरून दोऱ्याची गाठ. त्यावर देव नाही, आमचं नावही नाही. लोक आता "कोरा खोका द्या" म्हणतात. उरलेल्या महादेवाच्या खोक्यांचं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही. जाळवत नाहीत, फेकवत नाहीत. माळ्यावर आहेत.

पुढं त्यांनी नाकाचं लपवलं नाही. गिऱ्हाईक समोर असलं तरी म्हणायचे, "थांबा, अजून बांगड्या वाजल्या न्हाईत." छबुबाई तर वाटेनं जाताना मुद्दाम आपल्या बांगड्या वाजवायची, आणि ते न बघताच म्हणायचे, "ह्या न्हाईत." मागच्या दिवाळीत त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "मी गेल्यावर कुणी काय बी म्हणू दे, बांगड्या उतरवू नको. भट्टीला लागतात."

मी उतरवल्या नाहीत. आता कढईपाशी मीच बसते. वास उठला की हात आपोआप झटकला जातो, बांगड्या वाजतात, आणि मीच कढई उतरवते.

माझे पती रेवणसिद्ध १८ फेब्रुवारी २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी, महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधी, झोपेतच वारले.