पाहणाऱ्याचं नाव

नत्थुजी गाडीवानाने कापसाच्या गठ्ठ्यांवरून दोर पलीकडे फेकला आणि पुंजारामकडे न पाहताच म्हणाला,

"मी नाई पाह्यलं. मले सांगतलं."

"कोणी?"

नत्थुजी दोर आवळत राहिला. अकोल्याच्या बाजाराबाहेरचं ते मैदान गाड्यांनी गजबजून गेलं होतं. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्या दारात बैलजोडी, तो गाडी जुंपून भुसावळच्या रेल्वेकडे धावत होता. पुंजारामचा मेहुणा खुशालही असाच दिवाळीनंतर गेला, तो गेलाच. पुढे तिवशाकडच्या त्याच्या गावात तीन जणांनी येऊन सांगितलं, की खुशाल अकोल्याच्या तळावर पटकीने मेला. खुशालची आई पार्बताबाई मात्र ऐकायला तयार नव्हती. पोरगं मुंबईले कमावून राहिलं, एवढंच म्हणायची. त्यामुळे दिवसपाणी काही झालं नव्हतं आणि पुंजारामची थोरली बहीण मनकर्णा कुंकू लावून घरात वावरत होती. शेवटी पाटील महादेवरावांनी, शिकलेला म्हणून पुंजारामला धाडलं. बातमीचं मूळ शोधून आण, मग दहाव्याचं ठरवू, म्हणाले.

पुंजारामला या कामाची थोडी घमेंडच होती. अमरावतीच्या शाळेत गोपाळकृष्णपंतांनी मुलांना आपापल्या गावाचा इतिहास लिहायला लावला होता, आणि पुंजारामने जिथे जिथे 'लोक म्हणतात' असं लिहिलं तिथे तिथे पंतांनी काट मारली होती. "लोक म्हणजे कोण? पाहिलं कोणी? ज्याने सांगितलं त्याचं नाव घाल, नाहीतर तू एकतर चोर, नाहीतर खोटारडा!" तेव्हा भारी झोंबलं होतं. पण अकोल्यात तेच कामी आलं. तिघांपैकी दोघांनी तिसऱ्याचं, नत्थुजीचं नाव घेतलं. तीन साक्षीदार म्हणता म्हणता एकच उरला, आणि आता तोही कानावर हात ठेवत होता.

"सांगा न, नत्थुजी."

"तुया बहिणीनं सांगतलं," नत्थुजी म्हणाला. "आता जाय घरी. मले अजून काई इचारू नको."

परतीच्या सगळ्या वाटेवर पुंजारामच्या डोक्याचा भुगा झाला. बहिणीनेच आवई उठवली आणि तीच तिघांच्या तोंडून फिरून घरी आली! कशासाठी? दुसरा पाट लावायला मोकळी व्हावी म्हणून? असं मनात आल्याची त्याला लाज वाटली, पण आलेलं जाईना.

मनकर्णा ओसरीवर सरकी काढायच्या रेच्यात कापूस घालत बसली होती. सरकी अलीकडे पडत होती, रुई पलीकडे.

"बाई, नत्थुजीले तूच सांगतलं?"

"होये."

"तुले काय ठाऊक?"

"मी होती तिथं."

मग मान वर न करता तिने सांगितलं. माहेरी चांदूर बाजारला जाते म्हणून ती निघाली होती. अमरावतीत नत्थुजी भेटला. खुशाल अकोल्याला पडून आहे, म्हणाला. ती तशीच त्याच्या गाडीत बसली. तळावर पोचली तेव्हा पटकीच्या धास्तीने सोबतचे गाडीवाले खुशालला बाभळीखाली टाकून पांगत होते. तिला उतरवून नत्थुजीही पुढे निघून गेला. खुशाल जाईपर्यंत ती त्या परक्या गड्यांच्या तळावर राहिली, आणि नंतर काही घडलंच नाही अशी माहेरी गेली.

"घरी काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू? परक्या गड्यायमंदी रात्री काढून आली म्हणून? अन् माह्या तोंडचं खरं कोण धरते, पुंजा? म्हून नत्थुजी वापस आला तवा त्याले म्हणलं, तुमी सांगा, गड्याचं मानतीन." तिचा हात आता कुठे थांबला. "मले त्याच्यासाठी रडाचं हाये रे. कुंकू लावून घरात हासून राहिली मी."

पुंजारामला तिच्याकडे बघवेना. "तुयं नाव मी घेत नाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाईच्या अंगणात पंच बसले. पुंजारामने रात्रभर घोकून ठेवलं होतं: नत्थुजीने पाहिलं, बस्स. पंतांनी खोटारडा म्हटलं तर म्हणोत.

"सांग बा," महादेवराव म्हणाले. "कोणाचं बोलणं हाये हे?"

"नत्थुजी गाडीवानाचं."

"त्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं?"

'हो' एवढं म्हणायचं होतं. पण त्याऐवजी पुंजारामने दाराकडे पाहिलं.

"पाहा!" पार्बताबाई उसळून म्हणाली. "कोणीच नाई पाह्यलं! जितं हाये माहं पोरगं!"

"मी पाह्यलं," दाराआडून मनकर्णा म्हणाली.

ती बाहेर येऊन अंगणात उभी राहिली. अकोल्याचा तळ, बाभळीचं झाड, सगळं तिने सांगितलं. अंगणात कुजबुज सुरू झाली.

"एकटी होती तू? त्या गाडीवानायमंदी?" एका पंचाने विचारलं.

"एकटी."

पंच एकमेकांकडे बघू लागले. पार्बताबाई उठली. ही आता बहिणीच्या झिंज्या धरणार म्हणून पुंजाराम पुढे झाला. पण म्हातारी सुनेच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"पाणी भेटलं का त्याले?" तिने हळूच विचारलं.

"भेटलं, आत्याबाई. मीच पाजलं."

"काई बोलला?"

मनकर्णाने ओठ दाबून धरले.

"बोलला का नाई?"

"म्हणे, मायले सांगू नको."

पार्बताबाई होती तिथेच मातीत बसली. मनकर्णाचा पदर धरून तिने तिला खाली ओढलं आणि तिचं डोकं आपल्या छातीशी घट्ट दाबलं. त्या दोघींचं रडणं गल्लीपर्यंत ऐकू गेलं.

त्या दिवशी पंचांनी आणखी काही विचारलं नाही.