दोघींसाठी एका दिवसाचं बेट

शिल्पाश्री माझी एकुलती एक. राहते एचएसआर लेआउटला, म्हणजे आमच्या घरापासून फार तर दहा-बारा किलोमीटर. पण बेंगळुरूत दहा-बारा किलोमीटर म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यापेक्षा अमेरिकेत असती तर बरं होतं. निदान चारचौघांत सांगता आलं असतं की लांब आहे म्हणून येत नाही.

युगादीला, म्हणजे पाडव्याला, जेवायला आली होती, तेवढीच. ताटावरून उठता उठता म्हणाली, "आई, एक दिवस आपण दोघीच कुठेतरी जाऊ या. समुद्र असेल अशा ठिकाणी. तू ठरव, मी येते." आणि हात धुवून गेलीसुद्धा. तिचं बोलणं तिथंच संपलं असेल. माझं नाही संपलं. तिचे वडील जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून 'आपण दोघं' किंवा 'आपण दोघी' असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

मग काय, लागले मी कामाला. चिकपेटात आमचं अस्तर, फॉल, बटणांचं दुकान. काउंटरवर माझ्याबरोबर शिवकुमार असतो, त्याला वीस वर्षं झाली. तो मूळचा उडुपीजवळच्या मलप्याचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "अक्का, सेंट मेरीजचं बेट बघा. रात्री बसमध्ये झोपायचं, दिवसभर बेट, रात्री परत बस. लेकीला रजासुद्धा नको."

एवढंच मला हवं होतं. रोज गिऱ्हाईक कमी झालं की त्याला समोर बसवून मी एकेक विचारायची. अस्तराच्या थानाला जो पुठ्ठा येतो, त्यावर सगळं लिहून काढलं. साडेसहाला उडुपी. मठात दर्शन, मग केळ्याचे गरम बन्स आणि कॉफी. नऊच्या आत मलप्याच्या बंदरावर, कारण तीसेक माणसं जमल्याशिवाय बोट सुटत नाही आणि अकरानंतर बेटावर टाळू भाजते. मोठी बोट काठाला लागत नाही, शेवटी लहान होडीत उतरायचं, मग पाण्यातून चालायचं. म्हणून साडी नको. साठाव्या वर्षी पहिल्यांदा मी सलवार शिवून घेतली, हसू नका. उतरल्यावर गर्दी उजवीकडे जाते, आपण डावीकडे जायचं. तिथं काळे दगड थानं उभी करून ठेवल्यासारखे उभे आहेत म्हणे. आणि माडाच्या सावलीत एक तास नुसतं बसायचं. त्या एका तासापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. तो बोलायचा तास होता.

एप्रिलचा दुसरा रविवार ठरला. तिच्या ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज आली. मग चौथा ठरला. क्लायंट आला. क्लायंटला रविवार नसतो का, मेल्याला घरदार नाही का? मेच्या पहिल्या रविवारी तिला सर्दी होती. शिवकुमार रोज कानाशी, "अक्का, पाऊस जवळ आला की बोटी बंद. आता दोनच रविवार." मग म्हणाला, "आता एकच."

गुरुवारी मी तिला कळवलं की हा शेवटचा. उत्तर आलं, "बघते आई." 'बघून येतो' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे चाळीस वर्षं दुकानात बसलेल्या बाईला शिकवायला नको. तरी मी आशा धरली. आईची जात, दुसरं काय.

आणि शुक्रवारी तिचाच मेसेज. "आई, तो प्लॅनचा फोटो पाठव ना." अय्यो, काय सांगू! पुठ्ठा खिडकीपाशी धरून चार फोटो काढले, त्यातला चांगला पाठवला. खाली लिहिलं, "सरी, बरं, मी तयार आहे." तिने अंगठा पाठवला.

शनिवारी दुकान लवकर बंद केलं. दशम्या केल्या, शेंगाची चटणी केली, सलवार घातली आणि पिशवी घेऊन हॉलमध्ये बसले. सात वाजले, आठ वाजले. फोन केला तर उचलला नाही. वाटलं, ट्रॅफिकमध्ये असेल, परस्पर घराजवळच्या मेजेस्टिक बसस्टँडला येईल. नऊ वाजले, बस सुटायची वेळ झाली. मग मी सलवार बदलली. दशम्या झाकून ठेवल्या. खालच्या घरातल्या बाईला संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की लेकीबरोबर फिरायला जाते. म्हणून घरातला दिवासुद्धा मालवला.

रविवारी दहाच्या सुमाराला व्हिडिओ कॉल आला.

"आई, सरप्राइज! ओळख कुठे आहे मी!"

मागे काळे दगड. थानं उभी केल्यासारखेच होते, शिवकुमार खोटं बोलला नव्हता. आजूबाजूला पाच-सहा पोरं-पोरी, सगळे तिच्या ऑफिसातले. शुक्रवारी काम अचानक संपलं, कुणीतरी समुद्र म्हटलं, आणि हिने माझा पुठ्ठा पुढे केला. "सगळं तुझ्या टाइमटेबलने चाललंय गं! डावीकडे वळलो आणि इथे कुत्रंसुद्धा नाही. सगळे म्हणतायत, आंटी ग्रेट!" सगळ्यांनी हात हलवले. मीही हलवला. हात काय, हलतो.

"तुला नसतं झेपलं आई," ती म्हणाली. "पाण्यातून चालायचं, तुझे गुडघे..."

मग मात्र माझं डोकं फिरलं.

"माझ्या गुडघ्यांचं नाव काढू नकोस," मी म्हटलं. "काल नऊ वाजेपर्यंत मी पिशवी घेऊन बसले होते. बेट गेलं चुलीत. मला तुझ्याबरोबर यायचं होतं."

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. ती हळूच म्हणाली, "आई, तू असं कधी बोलली नाहीस."

"दीड महिना तारखा विचारत होते, ते काय होतं मग? पंचांग?"

तिने फोन ठेवला. की रेंज गेली, देव जाणे. मी दिवसभर एकटीने दशम्या खाल्ल्या. वाईट होतं ते असं की राग टिकला नाही. दुपारपर्यंत उतरला, आणि मग घरात माझ्यासोबत रागसुद्धा उरला नाही. चारचौघांत पोरीला बोलले, आता ही युगादीलासुद्धा यायची नाही, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

सोमवारी सकाळी सव्वासहाला बेल वाजली. दारात शिल्पाश्री. चेहरा उन्हाने रापलेला, चपलांत वाळू. मेजेस्टिकला बसमधून उतरली होती आणि तशीच चालत आली होती.

"चिडलीयस?"

"हो, चिडलेय. आत ये."

कॉफी दिली. अर्धी प्यायली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि डोळे भरले तिचे, आणि दोन रात्रींची झोप त्यातच आली बहुतेक. "आई, स्वल्प पडते," म्हणाली. "पावणेनऊचा अलार्म लावलाय, दहाला मीटिंग आहे." दिवाणावर पडली ती गाढ झोपली. पांघरूण घालून मी शेजारी खुर्ची ओढली. दीड महिना मिनिटामिनिटाचा हिशोब केला होता मी, पण या दोन-अडीच तासांत काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी नुसती बघत बसले. झोपेत तोंड उघडं टाकते, अजून तशीच. कानामागे एक पांढरा केस दिसला. माझ्या लेकीला पांढरा केस आला आणि मला माहीत नाही.

पावणेनऊला फोन कर्कश ओरडायला लागला. ती हललीसुद्धा नाही. मी तो उचलला, दाबायचं ते दाबलं, आणि उशीखाली नव्हे, पार स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात नेऊन ठेवला. मग येऊन परत खुर्चीत बसले.

उठली की आकांडतांडव करेल. नोकरीचं काय, साहेब काय म्हणेल, तुला कळतं का काही, सगळं ऐकवेल. ऐकवू दे. ओरडायला का होईना, समोर असेल.