पोपटी, गुलाबी की खारीचा

एरवी जिगचा, म्हणजे माशांना भुलवायच्या नकली आमिषांचा, डबा उघडला की रॉयस पेंडरग्रासची छाती फुगायची. गेला सगळा हिवाळा त्याने गॅरेजमधल्या पकडीत एकेक गळ अडकवून, शिशाच्या वाटाण्याएवढ्या डोक्यामागे टर्कीची मऊ पिसं धाग्याने आवळून हे जिग स्वतः बांधले होते. रंग म्हणाल तर पोपटी, गुलाबी, केशरी, जांभळा, मोतिया, आणि या सगळ्यांनी आपापसांत लावलेली लग्नं. आज मात्र तो डबा उघडून नुसताच रंग उलटेपालटे करत होता. काठावर डॉगवुड पांढराशुभ्र फुलला होता, म्हणजे क्रॅपी मासा उथळ पाण्यात अंडी घालायला आलेला असणार, हे केंटकी लेकवरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि रॉयसच्या गळाला अजून एक मासा लागला नव्हता.

बोटीच्या दुसऱ्या टोकाला ग्लेंडा बसली होती. त्याची बायको. निदान मासेमारीच्या स्पर्धेच्या यादीत तरी. नाताळ झाला आणि ती बॅग भरून मरी गावात बहिणीकडे राहायला गेली. स्पर्धा जोडप्यांची, आणि नावं तर थंडी पडायच्या आधीच दिलेली. ती येणार नाही असंच रॉयस धरून चालला होता. पण ती आली, आपली गळाची काठी घेऊन आली, आणि बोटीत पाय ठेवता ठेवताच म्हणाली, "माझं काय ठरलंय ते संध्याकाळी सांगते. तोवर विचारायचं नाही."

असं सांगून कुणी माणसाला दिवसभर एका बोटीत बसवावं का? आणि तेही रॉयसला, जो चर्चमध्ये प्रवचन संपेपर्यंत तीनदा बाक बदलतो! स्पर्धेची ढाल जिंकली तर ग्लेंडा घरी परतेल, असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. कशावरून, ते त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

"आता गुलाबी लावतो," तो दोर दाताने तोडत पुटपुटला.

"आत्ताच तर जांभळा लावलास."

"पाणी गढूळ आहे. गढुळात जांभळा दिसत नाही."

"गढुळात जांभळाच दिसतो म्हणालास मघाशी."

"मघाशी ढग होता!"

ग्लेंडाने आपला दोर पुन्हा पाण्यात सोडला. तिच्या दोराला सकाळपासून एकच जिग होता, खारीच्या शेपटीचे केस बांधलेला, मातकट, बघून कुणाला भूक लागू नये असा. रॉयस त्याला उंदीर म्हणायचा. या उंदराने पाच क्रॅपी वर काढले होते आणि ते पाचही बोटीच्या टाकीत गुमान पोहत होते.

तेवढ्यात ब्यूफर्ड लॅसिटरची बोट हळूहळू जवळून जायला लागली. पुढे ब्यूफर्ड, मागे त्याची गुटगुटीत बायको. दुसरी बोट जवळ आली की हातातला जिग मुठीत झाकायचा, ही या पाण्यावरची जुनी रीत. रॉयसनेही झाकला. ज्याला एका माशानेही हुंगलं नव्हतं तो गुलाबी जिग त्याने असा मुठीत धरला, जणू आजोबांचं सोन्याचं घड्याळ.

"काय रे रॉयस, कुठल्या रंगावर लागतायत?"

"केशरी," रॉयस बेधडक म्हणाला.

"मग काढ की एखादा वर. आमचेही डोळे निवू देत."

"आत्ताच टाकीत टाकले."

"ग्लेंडा, बाई, खरं बोलतोय का हा? की नेहमीचंच?"

"टाकीत आहेत खरे," ग्लेंडा म्हणाली. "भरपूर आहेत."

ब्यूफर्ड मान हलवत पुढे गेला आणि त्याने लगेच केशरी जिग शोधायला घेतला. रॉयसच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ग्लेंडाने चारचौघांत त्याची बाजू घेतली होती! येणार, ही घरी येणार. या आनंदात त्याने गुलाबी काढून पोपटी लावला.

पोपटीलाही काही लागेना. त्याने मोतिया लावला. मग काळा. मग पुन्हा पोपटी. "इथून उठूया," तो म्हणाला. "पलीकडच्या खाडीत झाडोरा जास्त बुडालाय."

"मासे इथेच आहेत, रॉयस. मला लागतायत."

"तुझ्या बाजूला असतील."

"मग ये इकडे बस."

जागा बदलल्या. रॉयस तिच्या जागी बसतो न बसतो तोच तिने त्याच्या जागेवरून सहावा मासा वर काढला, चांगला तळहातापेक्षा रुंद. रॉयसचं डोकं सटकलं. त्याने डब्याला लाथ घातली आणि हिवाळ्याची सगळी मेहनत बोटीच्या तळाशी रंगीबेरंगी सांडली.

"दोर वर घे," ग्लेंडा म्हणाली.

"कशाला?"

"घे तर."

त्याने घेतला. पोपटी जिग हवेत लोंबत होता, तोंड आकाशाकडे, शेपूट पाण्याकडे.

"गाठ बघ. पुढे सरकलीय. असा उभा टांगलेला किडा कुठल्या माशाने पाहिलाय? तुझ्या रंगांत काही खोट नाही. तू घाईघाईने बदलतोस आणि गाठ मागे घ्यायची विसरतोस. दर वेळी."

रॉयस बघतच राहिला. नवा जिग बांधला की नखाने गाठ मागे सरकवायची, म्हणजे तो पाण्यात आडवा राहतो, पोहणाऱ्या पिल्लासारखा. हे ग्लेंडाला लग्नाच्या वर्षी त्यानेच शिकवलं होतं, याच पाण्यावर, तिचा हात हातात धरून. त्याला इतकी लाज वाटली की कान तापले.

"कधीपासून दिसतंय तुला?"

"सकाळपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले की तू उठतोस, रॉयस. बोट हलवतोस, नोकरी सोडतोस, घर विकतोस. चार घरांचे पडदे शिवले मी. चौथ्या घराचे तर लावायचेही राहिले." तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर रॉयसला बरं वाटलं असतं.

"तू येणार नाहीस ना परत?"

"संध्याकाळी सांगणार होते."

"आत्ता सांग."

ग्लेंडाने काठी मांडीवर आडवी ठेवली. "नाही येणार. मरीला एक छोटं घर घेतलंय मी. परवा खिडक्यांची मापं घेतली."

लांब कुठेतरी ब्यूफर्डची बायको खिदळली. रॉयसने मान खाली घातली. आता आपण ओरडू, मोटर चालू करू, निदान उभे तरी राहू, असं त्याला वाटलं, आणि यातलं काहीच झालं नाही. त्याने नखाने गाठ मागे सरकवली. जिग बुडालेल्या झुडपाच्या शेजारी सोडला आणि तो बसला. दुखत होतं, खूप दुखत होतं, पण पाय हलत नव्हते. उन्हाने मान भाजली तरी त्याने जागा सोडली नाही. रंग बदलावा असं मनातही आलं नाही.

दोर अचानक सैल पडला. जिग तोंडात घेऊन मासा वर उठला की दोर असाच पडतो. रॉयसने मनगट उचललं आणि काठी कमानीसारखी वाकली.

"अरे, सावकाश! ओठ फाटेल त्याचा!" ग्लेंडा जाळी घेऊन धडपडत पुढे आली. तिने जाळी खाली घातली आणि मासा वर आला. एवढा क्रॅपी त्या दिवशी कुणाच्याही बोटीत नसणार. "जिंकलो रे आपण," ती म्हणाली, आणि जाळी मांडीवर घेऊन खाली बसली. मग तिला रडू आलं, चांगलं हमसून आलं.

"असं बसता येत होतं तुला?" तिने बाहीने नाक पुसलं. "मग इतकी वर्षं का नाही बसलास?"

रॉयसने माशाच्या ओठातून गळ हळूच सोडवला.

"तेव्हा तू जाशील याची भीती होती," तो म्हणाला.